पाचशे पंचवीस रुपयांचे नाणे आणि सुट्ट्यांचा प्रश्न

दर रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या आमच्या घराच्या व्हरांड्यात चार माणसे जमतात. याला मंडळ म्हणावे असे त्यात काही नाही; नोंदणी नाही, वर्गणी नाही, आणि चहा नेहमी माझ्याकडेच असतो. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका, सराफ बाजारात तीन पिढ्यांचे दुकान असलेले एक शेठ, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा, आणि बत्तीस वर्षे बँकेत रोखपालाच्या खिडकीमागे बसलेली मी. चौघांनाही नाण्यांचा नाद आहे, पण चौघांची नाण्याकडे पाहण्याची नजर इतकी वेगळी आहे की एकाच नाण्यावर आम्ही दोन-दोन तास भांडू शकतो.

या खेपेला मुलाने एक निळी डबी आणली होती. त्यात संत मीराबाईंच्या पाचशे पंचविसाव्या जयंतीनिमित्त २०२३मध्ये निघालेले ५२५ रुपयांचे नाणे होते. त्याने ते दुसऱ्या एका संग्राहकाकडून घेतले होते आणि त्यासाठी काही हजार रुपये मोजले होते. शेठनी डबी उघडण्याआधीच विचारले, "टंच किती?", म्हणजे चांदीची शुद्धता किती. काकांनी चष्मा वर करून भिंग डोळ्याला लावले. मी मात्र, जुनी सवय म्हणून असेल, पहिला प्रश्न केला तो असा की हे नाणे घेऊन कुणी किराणा दुकानात गेले आणि पाचशेचा माल घेतला, तर दुकानदार पंचवीस रुपये सुटे परत देईल का?

सगळे हसले, पण मी विनोद करत नव्हते. गेल्या दहा-बारा वर्षांत स्मारक नाण्यांचे जे काही झाले आहे, त्याचे मर्म मला याच प्रश्नात दिसते.

आपल्याकडे स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाले, एक रुपयाचे आणि पन्नास पैशांचे. ते निकेलचे होते, आणि पन्नास पैशांच्या नाण्यावर काहींवर इंग्रजी तर काहींवर हिंदी नाव होते, म्हणून संग्राहक ते दोन्ही शोधतात. त्यानंतर १९६९मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैशांपासून दहा रुपयांपर्यंतची नाणी निघाली. वीस पैसे पितळेसारख्या पिवळ्या धातूचे आणि दहा रुपये चांदीचे, म्हणजे गरिबाच्या मुठीतही गांधीजी आणि पैसेवाल्याच्या तिजोरीतही गांधीजी, असा तो हिशेब होता. पुढे सत्तरच्या दशकात 'अधिक धान्य पिकवा', 'नियोजित कुटुंब', 'विकासासाठी बचत' अशी नाणी एकामागून एक आली. कुणाची जयंती-पुण्यतिथी नव्हे, तर सरकारला जे लोकांच्या कानावर घालायचे होते तेच नाण्यावर कोरले जाई. भित्तिपत्रक भिंतीवर राहते आणि पावसात गळून पडते. नाणे मात्र माणसाच्या कनवटीला बसून त्याच्या घरी जाते. त्या वेळच्या माणसांना हे नेमके कळले होते.

मी खिडकीमागे बसू लागले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. नवी नाणी पिशवीतून येत, पिशवीचे तोंड सोडले की काउंटरवर ओतताना जो आवाज होई तो मला आजही झोपेत ओळखता येईल. १९९९मध्ये अशाच एका पिशवीतून शिवछत्रपतींची दोन रुपयांची नाणी बाहेर पडली. त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकाने "मॅडम, ते महाराजांचं द्या" असे म्हटले, आणि एका पेन्शनर आजोबांनी तर आपली सगळी रक्कम त्याच नाण्यांत मागितली. ती द्यायला माझ्याकडे तेवढी नाणी नव्हती. त्याच वर्षी संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया निघाला, २००२मध्ये संत तुकारामांचे दोन रुपये, २००७मध्ये लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. ही नाणी घेण्यासाठी कुणाला आगाऊ नोंदणी करावी लागली नाही. ती बसच्या वाहकाने परत दिली, भाजीवालीने पदराच्या गाठीतून काढून दिली, पोरांनी गोळीच्या दुकानात मोडली.

रामकुंडावर ज्यांनी लहानपण काढले आहे त्यांना दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडणारी पोरे आठवतील. भाविकांनी टाकलेली नाणी ती अशी वर काढतात. आमच्या मुलाने एकदा हाच प्रयोग बादलीत करून दाखवला. ज्ञानेश्वरांचा रुपया पोलादाचा, तो लगेच चिकटून वर आला. तुकारामांचे दोन रुपये तांबे-निकेलच्या मिश्रणाचे, ते काही केल्या चुंबकाला दाद देईनात आणि तळाशीच राहिले. इंद्रायणीत बुडवलेले तुकोबांचे अभंग वर आले अशी आपली श्रद्धा आहे, पण त्यांचे नाणे गोदावरीच्या तळाशीच बसणार, असे काका म्हणाले तेव्हा शेठनाही हसू आवरले नाही. याच बादलीत मग १९६४चा नेहरूंचा रुपया टाकला तर तोही चिकटला, कारण निकेललाही चुंबक ओढते. धातू ओळखण्याची याहून स्वस्त युक्ती मला तरी माहीत नाही, आणि जुन्या बाजारात नाणे घेताना मी खिशात एक छोटे चुंबक ठेवतेच. २००६च्या सुमारास महात्मा बसवेश्वरांसारखी काही पाच रुपयांची नाणी तांबे-निकेल आणि पोलाद अशा दोन्ही धातूंत निघाली. ठसा तोच, धातू वेगळा. संग्राहकाच्या वहीत ती दोन वेगळी नाणी असतात, आणि चुंबक नसेल तर विकणाराही फसतो, घेणाराही.

धातूचा हा मुद्दा केवळ ओळखीपुरता नाही. काकांचे म्हणणे असे की नाण्याची घडण धातू ठरवतो, चित्रकार नव्हे. पोलाद कठीण असते, त्यावर ठसा खोल बसत नाही, साचाही लवकर झिजतो, म्हणून मुद्दाम उथळ काम करावे लागते. चांदी किंवा तांबे-निकेल मऊ. त्यात गालाचा उठाव, पगडीची घडी, मिशीची कड स्पष्ट येते. छापखान्यात चाळीस वर्षे घालवलेला हा माणूस नोटेवरच्या बारीक रेघांत वाढला. "नोटेवर रेघ काम करते, ताई, नाण्यावर रेघ नसते, नुसती सावली असते," असे ते म्हणाले आणि मीराबाईंचे नाणे खिडकीच्या उजेडात तिरके धरून सावली कुठे पडते ते दाखवू लागले. त्यांची तक्रार ही की हल्लीचे चेहरे छायाचित्रावरून संगणकावर उचललेले असतात. समोरून घेतलेल्या चेहऱ्यात नाक हा सर्वांत उंच भाग, तो आधी झिजतो, आणि चार वर्षांनी थोर पुरुषाचे नाक सपाट होते. १९६४चे नेहरू आणि १९६९चे गांधी या दोघांचेही चेहरे एका बाजूने पाहिलेले आहेत. नुसती कपाळ-नाक-हनुवटीची कड पुरते. नाणे कितीही घासले तरी माणूस ओळखू येतो. हे शहाणपण नवे नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नहपानाच्या नाण्यावरही राजाचा चेहरा असाच बाजूने आहे.

नहपानाचे नाव निघाले की आमच्यातला प्रत्येक नाशिककर थोडा ताठ बसतो. १९०६मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी या गावी तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी क्षत्रप नहपानाची होती, पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता, कमानींचा डोंगर आणि उज्जैनचे चिन्ह. नहपानाचा पराभव झाला याचा यापेक्षा पक्का पुरावा नाही. एका प्रदर्शनात मी असे एक नाणे काचेतून पाहिले होते. डोंगराच्या कमानीखालून जुन्या राजाच्या नाकाची कड तशीच वर आलेली होती. गौतमीपुत्राने ती नाणी वितळवून नवी पाडली असती तरी चालले असते. त्याने तसे केले नाही. लोकांच्या हातात असलेलेच नाणे त्याने घेतले, त्यावर आपला विजय ठोकला आणि पुन्हा बाजारात सोडले. माझ्या मते आपल्या प्रदेशातले पहिले स्मारक नाणे ते, आणि ते चलनात होते, डबीत नव्हते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मीराबाईंच्या नाण्याच्या जातीची, म्हणजे चलनात न येता आगाऊ नोंदणीवर डबीतून विकली जाणारी जी नाणी निघतात, त्यांचे माप बहुतेक ठरलेले आहे: व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, काठावर २०० दाते, आणि मिश्रणात निम्मी चांदी, ४० टक्के तांबे, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. २०२३मध्ये नव्या संसद भवनाच्या निमित्ताने निघालेले ७५ रुपयांचे नाणे याच मापाचे. काही नाणी याला अपवाद आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नव्वद वर्षांनिमित्त २०२४मध्ये निघालेले ९० रुपयांचे नाणे शुद्ध चांदीचे आहे. पण माप कोणतेही असो, या नाण्यांवरचा आकडा पाहा. टागोरांच्या दीडशेव्या जयंतीला १५० रुपये, डॉ. आंबेडकरांच्या एकशे पंचविसाव्या जयंतीला १२५, गुरू गोविंदसिंहांना ३५०, गुरू तेगबहादुरांना ४००, गुरू नानकांना ५५०, मीराबाईंना ५२५, आणि २०२५मध्ये अहिल्यादेवी होळकरांना ३००. हा आकडा नाण्याची किंमत सांगत नाही, थोर व्यक्तीच्या जयंतीची वर्षे सांगतो. पाचशे पंचवीस रुपयांची नोट किंवा नाणे आपल्या व्यवहारात कधी नव्हते. दर्शनी किमतीला आपल्याकडे तारखेचे काम दिलेले आहे.

यावर मुलाचे उत्तर तयार होते. त्याचे म्हणणे असे की जगभर हेच चालते. ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे, ज्याला नको त्याने घेऊ नये, आणि दर्शनी किंमत ही निव्वळ औपचारिकता आहे. त्याला विचारले की मग हे पदकच का म्हणू नये, तर तो म्हणाला, "पदकावर चार सिंह नसतात ना, काकू." हे मात्र मला मान्य करावे लागले. अशोकस्तंभ, 'सत्यमेव जयते' आणि रुपयाचे चिन्ह या तिन्हींमुळे त्या गोल तुकड्याला जो अधिकार मिळतो तो कोणत्याही सुवर्णकाराच्या पदकाला मिळत नाही. दिवाळीत सराफाकडून आपण लक्ष्मीचे चांदीचे नाणे घेतो, त्याला नाणे म्हणतो खरे, पण ते नाणे नसते, हे शेठच आम्हाला दरवर्षी सांगतात.

शेठचा हिशेब सर्वांत सोपा असतो. ३५ ग्रॅमच्या निम्मे म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. चांदी किलोला एक लाख धरली तर ग्रॅमला शंभर रुपये, म्हणजे नाण्यात साडेसतराशेची चांदी झाली. चांदीचा भाव २०२५मध्ये लाखाच्या वर गेला तेव्हा त्यांच्या दुकानात जुनी चांदीची नाणी घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली होती. पण पन्नास टंचाची चांदी मोडीला घ्यायला कुणीही सराफ उत्सुक नसतो. घट धरतो, तोंड वाकडे करतो आणि भाव पाडून मागतो. गंमत अशी की १९६९चे गांधीजींचे दहा रुपयांचे नाणे वजनाने निम्म्याहूनही कमी, म्हणजे १५ ग्रॅमचे, पण त्यात ८० टक्के चांदी असल्यामुळे शुद्ध चांदी १२ ग्रॅम भरते. १९७२चे स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपयांचे नाणे साडेबावीस ग्रॅमचे असूनही त्यात सव्वाअकरा ग्रॅमच चांदी आहे. तीन वर्षांत नाणे मोठे झाले आणि चांदी कमी झाली.

मात्र शेठच्या हिशेबाला कायद्याची एक आडकाठी आहे. २०११च्या नाणे कायद्यानुसार नाणे वितळवणे, मग ते स्मारक नाणे का असेना, हा गुन्हा आहे. म्हणजे ज्या चांदीच्या भावावर आपण नाण्याची किंमत बांधतो, ती चांदी त्यातून रीतसर बाहेर काढताच येत नाही. दर्शनी किमतीला ते कुणी खर्च करणार नाही, धातूच्या किमतीला ते कुणी गाळू शकत नाही. राहिली ती फक्त दुसऱ्या हौशी माणसाची इच्छा. त्याला आज ते हवे असेल तर तीन हजार, उद्या नको असेल तर शून्य. मुलाला याचे काही वाटत नाही, कारण त्याच्या वयात बाजार नेहमी वरच जाणार असे वाटते.

इच्छा कशावर टिकते, हे पाहायला ब्रिटनचे एक उदाहरण चांगले आहे. तिथे २००९मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाच्या अडीचशे वर्षांनिमित्त ५० पेन्सचे नाणे निघाले, त्याचे फक्त २,१०,००० नग चलनात गेले. ते नुसते डबीतून विकले नाही, लोकांच्या सुट्ट्या पैशांतही ते मिसळले. म्हणूनच ते शोधण्यात मजा आली, आणि त्या पन्नास पेन्ससाठी संग्राहक आजही कित्येक पट किंमत मोजतात. अमेरिकेने १९९९ ते २००८ या काळात दरवर्षी पाच राज्यांची पाच अशी पाव डॉलरची नाणी काढली, आणि एरवी नाण्याकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे स्वयंपाकघरातल्या बरण्या उलट्या करून बसली. तिथे संग्राहक तयार झाले ते खिशातून. आपल्याकडे नगसंख्येची चर्चा बहुधा कुजबुजीवर चालते आणि संग्राहक तयार होतो तो बँक खात्यातून.

अर्थात चलनात सोडण्यालाही दुसरी बाजू आहे, आणि ती मी खिडकीमागून जवळून पाहिली आहे. दहा रुपयांची दोन धातूंची नाणी आली, त्यात नांदेडच्या गुरू-ता-गद्दी या शीख सोहळ्यापासून होमी भाभा, वैष्णोदेवी, योगदिन असे इतके नमुने निघाले की लोकांचा गोंधळ उडाला. "हे खोटं आहे, ते खरं," असे दुकानदार सांगू लागले आणि रविवार कारंजाच्या परिसरात तर काही दिवस दहाचे नाणे कुणी घ्यायलाच तयार नव्हते. शेवटी जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत. नाण्याचा विश्वास त्याच्या एकसारखेपणावर असतो. रोज नवा चेहरा दिसू लागला की माणूस आधी संशय घेतो. म्हणजे एका टोकाला डबीतले नाणे कुणाच्या हाती लागत नाही, दुसऱ्या टोकाला हाती लागलेले कुणी घेत नाही.

वैष्णोदेवीच्या नाण्याची तर वेगळीच कथा आहे. २०१२चे पाच रुपयांचे हे नाणे आणि दहा रुपयांचे त्याचे भावंड लाखो रुपयांना विकले जाते, अशी चित्रफीत आमच्या सोसायटीच्या वॉचमनने पाहिली. त्याच्याकडे तसे नाणे होते. चित्रफितीखालच्या क्रमांकावर फोन केला तेव्हा समोरच्याने आपण रिझर्व्ह बँकेकडून बोलतो असे सांगितले, नाण्याचा फोटो मागितला, किंमत चार लाख ठरवली आणि "नोंदणी" म्हणून दीड हजार रुपये भरायला सांगितले. त्याने ते भरले. मग "कर" म्हणून आणखी पाच हजार मागितले तेव्हा तो माझ्याकडे आला. अशा प्रकारांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच सावध केले होते, की बँक असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. पण हे निवेदन त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते, चित्रफीत पोहोचली होती. नाणे हातात घेऊन तो विचारत होता, "मग याचे खरे किती?" त्याला पाच रुपये हे उत्तर देताना मला अपराध्यासारखे वाटले. चांगले, न वापरलेले असते तर एखाद्या हौशी माणसाने थोडे जास्त दिले असते. ते मात्र खिशात वर्षभर फिरलेले होते.

'न वापरलेले' या शब्दाभोवतीच आमचा निम्मा बाजार फिरतो. मुलगा त्याला 'यूएनसी' म्हणतो, त्याहून वरच्या दर्जाचे 'प्रूफ', म्हणजे आरशासारखी चकचकीत पार्श्वभूमी आणि त्यावर दहिवरासारखे पांढुरके चित्र. टांकसाळीची खूण पाहण्याची त्याची पद्धत मला आवडते: वर्षाच्या खाली हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच नाण्याच्या या चार खुणा मिळवण्यासाठी त्याने गाडगे महाराज पुलाजवळच्या बुधवारच्या बाजारात चटईवर ओतलेली चिल्लर तासन्‌तास उपसली आहे. त्याने या नादापायी खर्च केलेल्या पैशांपेक्षा त्या चिल्लरीतून त्याला मिळालेली रेल्वेची दोन रुपयांची नाणी मला अधिक मोलाची वाटतात. २००३मध्ये भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांनिमित्त निघालेल्या त्या नाण्यावर भोलू नावाचा गार्डच्या वेषातला हत्ती आहे, हातात कंदील घेतलेला. कोणाचा चेहरा नाही, इमारत नाही, फार मजकूर नाही. अकरा कोनांच्या चौकटीत एक हत्ती ऐसपैस उभा आहे. काकांच्या मते आपल्या स्मारक नाण्यांत याच्याइतके सुटसुटीत काम दुसरे नाही, आणि या एका बाबतीत आम्हा चौघांचे एकमत आहे.

बाकीच्या अलीकडच्या नाण्यांवर काकांचा आक्षेप मांडणीचा आहे. मध्ये चेहरा किंवा इमारत, वर देवनागरीत नाव, खाली तेच नाव इंग्रजीत, बाजूला सालांची जोडी. व्यक्ती बदलते, सांगाडा तोच राहतो. २०२२मध्ये अमृतमहोत्सवाची १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणी निघाली, त्या पाचही नाण्यांवर एकच बोधचिन्ह आहे. चिन्ह फलकावर छान दिसते, पण रुपयाएवढ्या जागेत ते गर्दी करते. १९८२च्या आशियाई खेळांच्या नाण्यावरही बोधचिन्हच होते, तेव्हा ही सवय आजची नाही असे मी म्हटले, तर काका म्हणाले की तेव्हा चिन्हे काढणारे लोक ती लहान करून पाहत असत. मला या बाबतीत त्यांच्याइतकी खात्री नाही. ४४ मिलिमीटरच्या नाण्यावर जागा भरपूर असते. तरीही त्यावर जे दिसते ते २५ मिलिमीटरवर जे काढले असते तेच, फक्त मोठे केलेले. जागा वाढली, कल्पना वाढली नाही, एवढेच मी म्हणेन.

माझ्याकडे स्वतःकडे अशी मोठी नाणी दोनच आहेत. माझा खरा संग्रह प्लास्टिकच्या खिशांच्या वहीत होता, आणि त्याचे मी स्वतःच नुकसान केले. स्वस्तातली मऊ प्लास्टिकची पाने घेतली, ती पावसाळ्यात कपाटात ठेवली, आणि दोन वर्षांनी उघडली तर शिवछत्रपतींच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर चढलेला होता. घाबरून ती चिंच-मिठाने घासली. थर गेला, त्याबरोबर मूळचे तेजही गेले; आता ती नवी दिसतात, पण कोणत्याही जाणकाराला एका नजरेत कळते की ती घासलेली आहेत. मुलाने ती पाहून मान हलवली आणि हळूच विचारले, "काकू, चिंच कुणी सांगितली?"

चिंच मला आईने सांगितली होती. तिच्या देव्हाऱ्यात १९६९चे गांधीजींचे दहा रुपयांचे नाणे होते, वडिलांनी आणलेले. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ती ते दातांच्या पांढऱ्या पावडरीने घासत असे, कधी रांगोळीनेही. तेहतीस दिवाळ्या ते तसे घासले गेले. गांधीजींच्या कानाची पाळी आता पुसट झाली आहे, आणि सालांतला एक आकडा नुसत्या बोटाला लागतो. पण बाजूने पाहिलेला चेहरा असल्यामुळे ते नाणे कुणाचे हे अजूनही विचारावे लागत नाही. शेठनी ते तोलून पाहिले तर चौदा ग्रॅमच्या आत भरले. "ताई, आईंनी ग्रॅमभर चांदी देवाला वाहिली," असे ते म्हणाले.

आमच्या बैठकीचा शेवट या वेळी सिंहस्थावर झाला. २०२७च्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिकसाठी नाणे निघाले तर ते कसे असावे, यावर प्रत्येकाने चित्र काढायचे ठरले. काकांनी अट घातली की दहा रुपयांचे नाणे कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायची, त्या वर्तुळाबाहेर जायचे नाही, आणि मजकूर पाच शब्दांपेक्षा जास्त नको. मुलाने कुशावर्ताच्या पायऱ्या काढल्या, त्या वर्तुळात मावेनात. मी दोरीला बांधलेले चुंबक आणि पाण्यात वाकलेले पोर काढले, ते काकांना पटले, पण पोराचे नाक समोरून काढल्याबद्दल त्यांनी एक गुण कापला. काकांनी स्वतः बराच वेळ नुसती पाण्याची एक वळणदार रेघ काढली आणि तिच्यावर काही नाही.

शेठनी तिन्ही कागद पाहिले, भिंग खाली ठेवले आणि विचारले, "पण चांदी किती टक्के धरायची?"